तालुक्याच्या अभिलेख कक्षातील जुनी जन्म-मृत्यू नोंदवही : सेवेचा अनुभव

कोकणातल्या पुष्कळ घरांत वंशावळ जपलेली असते आणि काही घराण्यांचे कुलवृत्तांतही छापले गेले आहेत. पण त्यांत प्रामुख्याने ज्यांचा वंश पुढे चालला त्यांनाच जागा मिळते. लहानपणी दगावलेल्या मुलाच्या नावापुढे फार तर ‘अल्पवयात मृत’ असे लिहिलेले आढळते, मुलींच्या वाट्याला बहुधा तेवढेही येत नाही. अशा मुलांचा शोध घेणाऱ्याने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना 14 ची, म्हणजे कोतवाल बुक या गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल जरूर काढावी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कक्षात मी गाव आणि साल लिहून अर्ज दिला, तेव्हा तिथल्या लिपिकाने रुमाल, म्हणजे दप्तर बांधलेले कापड, सोडून वही समोर ठेवली आणि पाने स्वतः जपून उलटली. एका ओळीत पणजोबांच्या नावाखाली ‘मुलगी, वय दिवस 9, ताप’ इतकेच होते. बारशाआधीच गेल्यामुळे तिला नाव नाही. आमच्या वंशावळीत तर ती नव्हतीच. पुढे एका चुलत आजोबांचे कोडेही सुटले. त्यांच्या आधी जन्मलेला भाऊ देवीच्या रोगाने गेला होता आणि त्याचेच नाव यांना ठेवले होते. वंशावळीत मात्र थोरल्याचे जन्मसाल धाकट्याला चिकटले होते.

उणिवा सांगायलाच हव्यात. वह्यांना सूची नाही, दमट हवेने पानांच्या कडा झडल्या आहेत आणि मला मिळालेल्या पहिल्या नकलेत मृत्यूच्या कारणाचा रकानाच कापला गेला होता. तो मिळवण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला. जुनी पाने मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द सुटे लिहीत नसल्याने मुलाचे नाव कुठे संपते आणि बापाचे कुठे सुरू होते हे अनुभवी वाचकालाच कळते. अशा वाचकाची व्यवस्था आपली आपणच करावी लागते, आणि तो खर्च नकलेच्या शुल्काहून बराच अधिक असतो.

अर्जात मोघम काळ लिहिल्यास हाती काही लागत नाही. वंशावळीत दोन भावंडांमध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर दिसले, तर आधी तीच वर्षे मागावीत. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्यामुळे पणजीच्या माहेरगावची वहीही बघावी. सासरच्या गावात जन्माची नोंद नाही म्हणून मूल झालेच नाही असे समजू नये. कुटुंब गिरणीच्या नोकरीसाठी मुंबईला गेले असेल, तर तिथे झालेले जन्म आणि मृत्यू तालुक्याच्या वहीत नव्हे, मुंबई महापालिकेच्या दप्तरात शोधावे लागतात.