वाजवण्यावर घर चालवायचं तर: मराठवाड्यातल्या वादकापुढचे रस्ते

संगीतातल्या विशारद परीक्षेच्या उंबरठ्यावर आलेली मुलं आणि त्यांचे आईवडील शेवटी एकाच प्रश्नावर येतात: वाजवण्यावर घर चालेल का? चालतं. आमच्या भागात चालवणारी माणसं आहेत. पण कोणत्या रस्त्याने जायचं हे ठरवताना बहुतेक घरांत मानाची उतरंड लावली जाते. सगळ्यात वर मैफल, खाली प्राध्यापकी, त्याखाली आकाशवाणी आणि तळाला, काहीच जमलं नाही तर, पोलिसांचा किंवा लष्कराचा बँड. ही उतरंड मला अजिबात मान्य नाही. हातात कोणतं वाद्य आहे आणि वय किती आहे, या दोन गोष्टींवरून रस्ता निवडावा. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला आणि पखवाज वाजवणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला एकच सल्ला देता येत नाही.

सिंफनी ऑर्केस्ट्रापासून सुरुवात करतो, कारण व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या मनात ती असतेच. भारतात व्यावसायिक म्हणावी अशी एकच आहे: मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांनी ती २००६ मध्ये उभी केली. वर्षात दोन मुख्य हंगाम होतात आणि वादकांमध्ये परदेशी कलाकारांची संख्या मोठी असते. लातूर-नांदेडच्या मुलामुलींना तिथे अडचण येते ती गुणवत्तेची नाही, तालमीची. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून, गायकी अंगाने, बहुधा सा-प-सा-प असं लावून वाजवतात. ऑर्केस्ट्रात चार तारा जी, डी, ए, ई अशाच लागतात, स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) पाहताक्षणी वाचावं लागतं आणि शेजारच्या दहा जणांच्या गजाबरोबर आपला गज फिरावा लागतो. विशीनंतर ही वळणं नव्याने घडवणं फार अवघड आहे. एनसीपीएनेच २०१२ पासून लहान मुलांसाठी रशियन पद्धतीचं कसून शिक्षण सुरू केलं, ते याच कारणाने. म्हणजे मूल आठ वर्षांचं असेल आणि घर मुंबईला हलवायची तयारी असेल, तर हा रस्ता खरा. बाविसाव्या वर्षी परभणीत बसून हे स्वप्न पाहण्यात मोलाची वर्षं जातात.

आपल्या संगीतात पगारी वाद्यवृंदाची परंपरा आकाशवाणीने घडवली. दिल्लीत १९५२ साली आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद सुरू झाला. पं. रविशंकरांनी त्याच्यासाठी रचना केल्या, संचालन केलं; पुढे १९५६ मध्ये बासरीवादक पन्नालाल घोष संचालक म्हणून आले. हरिप्रसाद चौरसियांची सुरुवातसुद्धा १९५७ मध्ये आकाशवाणीच्या कटक केंद्रावर, नोकरदार कलाकार म्हणूनच झाली. दरमहा पगार, रोज वाजवण्याची सक्ती आणि आजूबाजूला तोलामोलाचे वादक: एका पिढीला याहून चांगली शाळा मिळाली नाही. मला या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर आहे आणि ती आटत गेल्याचं दुःखही आहे. कारण ती नोकरी आज जवळपास मिळत नाही. निवृत्त झालेल्या वादकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या गेल्या नाहीत. "आकाशवाणीत लागायचं" अशी योजना आज कोणी आखू नये.

उरतं ते ग्रेडचं काम, म्हणजे आकाशवाणीकडून दर्जा मिळवून बोलावणं येईल तेव्हा मानधनावर वाजवणं. छत्रपती संभाजीनगर किंवा परभणी केंद्राकडे अर्ज करायचा, ऑडिशन द्यायची. पास झालात तर बी, मग बी हाय, ए आणि टॉप अशा पायऱ्या. बुकिंगं वर्षातून मोजकीच येतात, त्या मानधनात घर चालणार नाही. तरीही ग्रेड घ्याच. एक कारण असं, की संयोजक आणि परगावचे गायक साथीदार ठरवताना ग्रेड विचारतात. दुसरं कारण फारसं कोणाला ठाऊक नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत संगीताच्या सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट या पात्रता परीक्षांखेरीज एक वेगळी वाट ठेवलेली आहे: विषयातली पदवी, नामवंत गुरूकडे घेतलेली तालीम, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ए ग्रेड आणि शिकवण्याची कुवत. म्हणजे ग्रेडची पायरी चढता चढता प्राध्यापकीचं दारही उघडू शकतं.

मात्र एकाच संस्थेवर सगळी भिस्त ठेवू नये, हे पेटीवाल्यांकडून शिकावं. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. एका धोरणाने तीन दशकं वादकांच्या एका अख्ख्या वर्गाला त्या दारात उभं केलं नाही. पेटी जगली ती कीर्तनात, नाटकात आणि मैफलीत, म्हणजे दुसऱ्या दारांच्या जोरावर.

आता बँड. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घराघरांत याचीच सगळ्यात जास्त उपेक्षा होते.

नौदल आणि हवाई दलात अग्निवीर योजनेतून वादक भरतात. वय साडेसतरा ते एकवीस, अविवाहित मुलं-मुली दोघांनाही संधी. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात आणि चार वर्षांनी सरकारच्या तेवढ्याच वाट्यासह सुमारे दहा लाख रुपये हातात पडतात. पुढे कायम होणारे २५ टक्क्यांपर्यंतच. हा धोका लपवण्यात अर्थ नाही. पण पंचविशीच्या आत बाहेर पडणारी व्यक्ती काय घेऊन येते ते पाहा: स्टाफ नोटेशन वाचता येतं, समूहात वाजवण्याची शिस्त अंगात मुरलेली असते, आणि हे सगळं फी न भरता, पगार घेऊन शिकलेलं असतं. खेड्यातल्या मुलाला क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन असं कोण शिकवणार? आपल्या जिल्ह्यांत या वाद्यांचे गुरू शोधायचे तर लग्नाच्या बँडपार्टीत शोधावे लागतात.

पोलिसांचा बँड घराजवळचा आहे. राज्य राखीव दलाचे गट संभाजीनगर, जालना आणि हिंगोलीत आहेत आणि पोलीस भरतीत बँड्समनची पदंही निघतात. शिक्षण दहावी पुरतं; मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, लेखी परीक्षा असते. शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० आणि वर भत्ते. १५ ऑगस्टला, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला, संचलनात वाजवायचं, एरवी सराव. बंदोबस्ताचं कामही अंगावर येतं, ते गृहीत धरूनच जा. राग मांडायला तिथे वाव नाही. तरी वाद्य रोज ओठाला लागतं. प्राध्यापकी मिळालेल्या कित्येकांना याची खात्री देता येत नाही.

तर प्राध्यापकी. कायम नोकरी मिळाली तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, त्यामुळे घरच्यांचा ओढा समजतो. पण संगीत हा विषय असलेली महाविद्यालयं थोडी, त्यांतल्या मंजूर जागा त्याहून थोड्या, आणि एम.ए., सेट झालेली मुलं तासिका तत्त्वावर वर्षामागून वर्षं काढतात. तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनची शाश्वती नाही. चाळिशीपर्यंत असं अडकलेला माणूस ना मैफलीचा राहतो ना महाविद्यालयाचा. तासिकेवर दोन-तीन वर्षं काढावीत, त्याहून जास्त नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकवण्याचीच आवड असेल तर महाविद्यालयाआधी नवोदय आणि केंद्रीय विद्यालयांकडे पाहा. नवोदय विद्यालयात संगीत शिक्षकाचं पद असतं आणि आपल्या प्रत्येक जुन्या जिल्ह्यात नवोदय आहे: गढी, तुळजापूर, शंकरनगर, कन्नड, वसमत ही नावं ऐकलेली असतील. तिथलं मूळ वेतन ४४,९०० पासून. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक संगीत शिक्षकाला ३५,४००. देशात कुठेही बदली होते आणि नवोदयमध्ये निवासी शाळेचा पसारा सांभाळावा लागतो, ही किंमत. पण पगार महिन्याच्या महिन्याला येतो आणि संध्याकाळी वाद्य हातात घेता येतं. गायन आणि तबला दोन्ही येणाऱ्या मुलींसाठी मी हा रस्ता सगळ्यात वर ठेवीन.

पुण्या-मुंबईला जाऊन साथसंगत करण्याचा रस्ता तबला आणि पेटीवाल्यांसाठीच खरा. तिथे मैफलींपेक्षा रोजचं काम पोट भरतं: कथकच्या वर्गाला ठेका धरणं, गायकांच्या रियाजाला बसणं, शिकवण्या. मोठ्या मंचावर साथीदार कोण हे मुख्य कलाकार ठरवतो, म्हणून पहिली चार-पाच वर्षं ओळखी जोडण्यात जातात, आणि तेवढा काळ भाड्याचे पैसे घरून येणार असतील तरच निघावं. सतार किंवा व्हायोलिन घेऊन "रेकॉर्डिंग मिळेल" या आशेने जाणं आता धरू नये. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पूर्वी व्हायोलिनची मोठी फळी बसायची. सिंथेसायझर आणि संगणकाने ती कधीच विस्कटली.

घरी राहून वाजवणं हा शेवटचा रस्ता. पखवाज आणि गायनवाल्यांसाठी तो पहिला समजावा. मराठवाड्यात अखंड हरिनाम सप्ताह नाही असं गाव सापडणं कठीण. सात दिवस कीर्तनं, आठव्या दिवशी काला, आणि प्रत्येक कीर्तनकारामागे मृदंगाचार्य (पखवाज वाजवणारा) आणि गायनाचार्य हवेतच. ही साथ हलकी समजणाऱ्यांनी अंबाजोगाईजवळच्या आपेगावकडे पाहावं. शंकरबापू आपेगावकर आणि पुढे उद्धवबापूंनी वारकरी मृदंगातूनच पखवाज शास्त्रीय मंचावर नेला. नाथराव नेरळकरांनी तर गायनाचं आयुष्यभराचं अध्यापन मराठवाड्यात राहूनच केलं.

पैशाचं गणित मात्र पिकाच्या गणिताला बांधलेलं आहे. गावाकडे पैसा असला की सप्ताहाची वर्गणी सढळ निघते. दुष्काळात ती आखडते आणि पहिली कात्री साथीदारांच्या पाकिटाला लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वर्षी कोणत्या तोंडाने बिदागी मागणार? २०२० च्या टाळेबंदीत तर सप्ताह, लग्नं, मैफली सगळंच थांबलं आणि चालू राहिला तो फक्त पगार. म्हणून घरी राहणाऱ्याने सप्ताहाच्या जोडीला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा क्लास उभा करावाच. वीस विद्यार्थ्यांची नियमित फी ही सप्ताहाच्या पाकिटांपेक्षा भरवशाची.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सप्ताहाची साथ म्हणजे रात्रीचे प्रवास आणि परगावचे मुक्काम, आणि पखवाजाच्या जागी मुलगी बसलेली पाहायची सवय अजून गावांना नाही. हे बदलायला हवं, आणि काही ठिकाणी बदलू लागलं आहे. पण आज पोटाचा निर्णय घेणाऱ्या मुलीने त्या बदलाची वाट पाहत थांबावं असं मी म्हणणार नाही. नवोदय, नौदल, पोलीस बँड ही दारं तिच्यासाठी आजच उघडी आहेत.

माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी असं सांगतो. क्लॅरिनेट-ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य आणि वय एकवीसच्या आत: आधी बँडचे अर्ज. पखवाज: घर, सप्ताह, क्लास आणि सोबत आकाशवाणीची ग्रेड. तबला-पेटी: हात तयार आणि घरचा आधार असेल तर पुणे, नसेल तर संगीत शिक्षकाची नोकरी. हिंदुस्थानी व्हायोलिन, सतार, बासरी: पदवी पूर्ण करून शाळेची नोकरी, आणि ए ग्रेडचं लक्ष्य डोळ्यांसमोर. या वाद्यांना निव्वळ वादनावर पोसणारी जागा आज मराठवाड्यात दिसत नाही.

कोणताही रस्ता धरा, कागद आजच जमवायला लागा. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, विशारदचं मूळ प्रमाणपत्र, अधिवास, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. जाहिरात निघाल्यावर अर्जाला थोडेच दिवस मिळतात आणि जात वैधतेला कित्येक महिने लागतात. शाळेतल्या जागांसाठी गांधर्व मंडळाची विशारद चालते की विद्यापीठाचीच पदवी लागते, हे प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा. विशारद आहे म्हणून पदवी अर्धवट सोडू नका.