करारमुक्त रिसीव्हर पारखण्यासाठी: प्रो फुटबॉल रेफरन्स

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील करारमुक्त वाइड रिसीव्हरची, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूची, पारख करायची असेल, तर प्रो फुटबॉल रेफरन्स हे विनामूल्य संकेतस्थळ मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण झेल आणि यार्डांबरोबरच खेळाडूच्या दिशेने किती पास फेकले गेले हेही ते सांगते. २०२२ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स या संघाने आपला रिसीव्हर टायरीक हिल याला मायामीकडे सोपवले, त्याच सुमारास घेतलेल्या दोघांचेच पाहा: जूजू स्मिथ-शूस्टरने १०१ पासांवर ७८ झेल व ९३३ यार्ड मिळवले, तर मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंगने ८१ पासांवर अवघ्या ४२ झेलांत ६८७ यार्ड. एक हुकमी, दुसरा लांब पल्ल्याचा. संघाला दोन्ही लागतात. कराराची रक्कम आणि वेतनमर्यादेवरील (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेवरील) भार तपासण्यासाठी मात्र ओव्हर द कॅप हे संकेतस्थळ सोबत उघडून ठेवावे.