ओला कचरा: कंपोस्ट की बायोगॅस?

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कचरा डेपोवर ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन सुटतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापदायक. म्हणून कचरा गल्लीतच जिरवायला हवा.

अपार्टमेंटसाठी कंपोस्ट बरं. ओल्या कचऱ्याइतकाच, मापाने, सुका पाला किंवा बारीक केलेलं उसाचं पाचट मिसळा आणि आठवड्याला ढीग उलटा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर ओल जास्त. कोल्हापूरच्या पावसात इथंच घोटाळा होतो: उघड्या खड्ड्यात पाणी साचतं, हवा संपते, वास सुटतो आणि खड्डाच मिथेन सोडू लागतो. वर पत्रा हवाच.

खानावळ, हॉस्टेल, मंगल कार्यालयाला मात्र बायोगॅसची टाकीच घ्यावी: बंद टाकीत अन्न हवेविना कुजतं आणि सुटणारा मिथेन हवेत न जाता चुलीत जळतो. दहा किलो शिळ्या अन्नातून साधारण एक घनमीटर गॅस, म्हणजे जवळपास अर्धा किलो एलपीजी वाचतो. सुरुवात शेणकाल्याने करून दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. मटणाची हाडं टाकू नयेत, ती पचत नाहीत. एकदम जास्त अन्न घातलं तर आम्ल वाढून गॅस बंद पडतो; मग खाद्य थांबवून थोडा चुना. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती तपासा, कारण गळणारा गॅस बहुतांशी मिथेनच.