चांदीचा रुपया: ईबेवर ऑफर की ग्रुपवर घासाघीस?
पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया हवाय, पण ईबे या ऑनलाइन बाजारावर ऑफर टाकू (म्हणजे आपला कमी भाव सुचवू) की नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विक्रेत्याशी थेट बोलू, असं एका मित्रानं विचारलं.

भावात ग्रुप सरस. दोन-तीन नाणी एकदम घेतली की विक्रेता उतरतो, पोस्टेजही सोडतो. परदेशातून ईबेवर घेताना मात्र टपालखर्च आणि कस्टम्स धरूनच आकडा टाका.

खात्रीचं उलट, तिथे ईबे सरस. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, म्हणून या रुपयाला मागणी जास्त, आणि बनावट नाण्यांची भीतीही. ग्रुपवर पैसे गेले की गेले. आधी काट्यावरचा फोटो मागा, वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं. विक्रेता कुरकुरला तर भाव कितीही पाडो, सोडा. ईबेवर वर्णनाशी न जुळणारं नाणं परत करता येतं.

ओळखीचा विक्रेता, किरकोळ नाणी: ग्रुप. अनोळखी माणूस, महागडं नाणं: ईबे.