चेस्ट, मिक्स, हेड: धरमपेठेतला आवाजाचा वर्ग. मेहनत उत्तम, तक्ता चुकीचा

धरमपेठेत शनिवार-रविवारी भरणारा हा वर्ग दीड-दीड तासाच्या 8 तासिकांचा आहे. शुल्क 3,200 रुपये, एका तुकडीत 12 जण. नागपुरात गाणं शिकवणारे गल्लोगल्ली सापडतात, पण वर चढताना आवाज नेमका कुठे आणि का फाटतो, हे उलगडून सांगणारे फार थोडे. हा वर्ग ते सांगतो, म्हणून त्याची दखल जरा सविस्तर.

पहिल्या दोन तासिका सर्वांत चांगल्या. शिकवणाऱ्या ताई हातात जाड रबरबँड घेऊन सुरुवात करतात. सैल रबर जाड असतो, ताणला की पातळ होतो. खालच्या सुरांत स्वरतंतू आखूड आणि जाड असतात, पूर्ण जाडीनिशी एकमेकांवर आपटतात. हा चेस्ट व्हॉइस. वर जाताना स्वरयंत्रातला दुसरा स्नायू त्यांना ताणतो, मग फक्त पातळ कडा थरथरतात. हा हेड व्हॉइस. दोन्ही आवाज निघतात गळ्यातूनच. छाती आणि डोकं ही नावं कंप जिथे जाणवतो तिथून आली. गळपट्टीच्या हाडाखाली तळहात ठेवून मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, गुणगुणायला लावतात आणि मग सूर हळूहळू चढवतात, तेव्हा हाताखालचा कंप विरत जातो. एवढ्या एका प्रयोगाने व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

फॉल्सेटोचं स्पष्टीकरणही नेमकं आहे. आपल्याकडे ज्याला खोटा आवाज म्हणतात, त्यात कडा पूर्ण मिटत नाहीत आणि फटीतून हवा निसटते. ओळखायची खूण सोपी: वरच्या सुरावर ‘ई’ धरून ठेवा. सूर फुसफुसला आणि दम लवकर संपला तर फट आहे. सूर टणक राहिला तर तो हेड व्हॉइस. चेस्ट आणि हेड यांच्या मधला वाटणारा आवाज म्हणजे ‘मिक्स’. त्याबद्दल ताई प्रामाणिक आहेत. स्वरतंतूंच्या पातळीवर मिक्स ही तिसरी यंत्रणा नाही. जाड किंवा पातळ यांपैकीच एक चालू असते आणि तोंड-घशाची पोकळी व जोर यांच्या जुळणीमुळे सांधा, म्हणजे एका रीतीतून दुसरीत जाण्याची जागा, ऐकू येत नाही.

मग येतो छापील तक्ता, आणि तिथे सगळं बिघडतं. त्यात मंद्र (खालचं) सप्तक म्हणजे चेस्ट, मध्य म्हणजे मिक्स, तार (वरचं) म्हणजे हेड असं लिहिलंय. हे चूक आहे. सप्तक म्हणजे सुराची उंची, तीही तुमच्या षड्जावरून मोजलेली. रजिस्टर म्हणजे स्वरतंतूंची काम करण्याची रीत. आवाजाच्या तज्ज्ञांनी, अगदी गायनशिक्षक मान्युएल गार्सियांनी 1840 च्या दशकात, रजिस्टर सांगितलं तेही एकाच यंत्रणेतून निघणाऱ्या सलग सुरांचा गट म्हणूनच. हार्मोनियमवर ताडून पाहा. काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झ. त्याचा तार रिषभ 312 वर, तार गंधार 347 वर. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज 208. तिचा मध्य पंचम 312 आणि धैवत 347. म्हणजे सूर तेच! आणि सांधा बहुतेकांचा याच्याच आसपास असतो. पुरुषाला तो तार सप्तकात भेटतो, बाईला मध्यातच. तक्ता प्रमाण मानणारी मुलगी पंचमाशी आवाज चिरकला की ‘मध्य सप्तकात असं व्हायला नको’ म्हणून आणखी जोर लावते, आणि जोराने जाड तंतू वर ओढले की चिरकणं वाढतंच. तो तक्ता फाडून टाका.

मेहनतीचा भाग मात्र पैसे वसूल करतो. 5-6 मिलिमीटरची स्ट्रॉ ग्लासातल्या पाण्यात 2-3 सेंटिमीटर बुडवायची, आणि पंचमापासून तार षड्जापर्यंत मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, बुडबुडे एकसारखे ठेवत जायचं. समोरून दाब परत येतो, त्यामुळे तंतू कमी आदळून कंप पावतात. बुडबुडे एकदम उसळले तर हवा जास्त, थांबले तर गळा आवळलाय. एका वेळी 2-3 मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. सलग अर्धा तास नको. त्यानंतर तोच पल्ला ‘आ’ म्हणत, आवाज लहान ठेवून. सांध्यावर लहानच गायचं, हे ताई पुन्हापुन्हा बजावतात आणि ते बरोबर आहे.

‘पोटातून गा’ हा सल्ला इथेही ऐकू येतो, त्याची फोड अपुरी. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायू, श्वास घेताना आकसतं. गाताना कसब असतं बरगड्या लगेच कोसळू न देण्याचं. दमसास त्याने वाढतो, पोट कडक केल्याने नाही. सातवी तासिका व्हिसल रजिस्टरवर खर्च होते. 1000 हर्ट्झच्या वरची ती किंकाळी इथल्या बहुतेकांना कधी लागणार नाही. तो वेळ लावणीला द्यायला हवा होता. जाड, खुला आवाज वरपर्यंत कसा न्यायचा आणि तो ओरडा कधी होतो, हे समजायला ‘बेल्टिंग’च्या, म्हणजे अशाच खुल्या जोरकस गाण्याच्या, परदेशी नमुन्यांपेक्षा लावणी जवळची.

खोलीबद्दल एक तक्रार. मे महिन्यात कूलरशिवाय बसणं अशक्य, आणि कूलरची ओली हवा घशाला चांगलीच. पण त्याच्या घरघरीत तानपुरा बुडतो आणि सगळे नकळत मोठ्याने गाऊ लागतात. नाजूक सांध्याचा सराव नेमका तिथेच फसतो. स्ट्रॉच्या वेळी तरी दहा मिनिटं कूलर बंद ठेवावा.

रियाज करणाऱ्यांनी आणि भावगीत-सुगम गाणाऱ्यांनी जरूर जावं. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना वर्षभर थांबवलेलं बरं. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. सकाळची तुकडी घ्या, जागा दाराजवळची धरा, आणि पहिल्याच दिवशी स्वतःचा षड्ज कोणत्या पट्टीत आहे ते सांगून सांधा हार्मोनियमवर शोधून मागा.