पहिल्या गिटारचा नेक: स्क्रूने जोडावा की गोंदाने?

घरच्या वर्कशॉपमध्ये पहिली इलेक्ट्रिक गिटार करणाऱ्यांनी नेक (तारा दाबण्याचा लांब दांडा) स्क्रूनेच जोडावा. फेंडरने 1950 पासून हीच पद्धत ठेवली आहे. बॉडीत नेक बसवायचा खाचा 16 मिमी खोल, नेकला मागे कोन नाही, चार स्क्रू. खाचा किंचित खोल गेला तर व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी घालून सावरता येतो. गोंद वाळल्यावर ही सोय उरत नाही.

गोंदाच्या जोडाची ओळख म्हणजे गिब्सनची 1952 ची लेस पॉल. वरच्या फ्रेट्सपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात सहज जावा म्हणून टाच, म्हणजे नेकचं बॉडीकडचं टोक, निमुळती करता येते, आणि जोड दिसायलाही देखणा. पण उंच ब्रिजसाठी (बॉडीवर तारा टेकतात तो आधार) नेक साधारण 4 अंश मागे झुकवावा लागतो. 628 मिमी स्केलवर (तारेची कंप पावणारी लांबी), जोड सोळाव्या फ्रेटपाशी असेल तर अर्धा अंश चुकला तरी ब्रिजपाशी 2 मिमीहून जास्त फरक पडतो. म्हणून आधी कोरडी जुळणी, तारेच्या जागी ताठ दोरा ताणून तपासणी, मगच गोंद; आणि 24 तास क्लॅम्प.

स्क्रूच्या जोडात सर्रास होणारी चूक भोकांची. बॉडीतलं भोक 5 मिमी हवं, स्क्रू त्यातून मोकळा सरकला पाहिजे. आटे बॉडीतही धरले तर स्क्रू कितीही आवळा, नेक आणि खाचा यांत फट राहते. मेपलच्या नेकमध्ये 3.2 मिमीचं भोक पाडा, आट्यांना मेण चोळा. नाहीतर स्क्रू आतच तुटतो. खाचा कोरताना राउटरने (लाकूड कोरायचं यंत्र) एका फेरीत 3 मिमीच काढा, घाईत कडा उचकटतात.