रिबिल्डचे पैसे घेतले, वाढवला फक्त आयडल

पत्र्याच्या डब्यात चार-पाच गोट्या टाकून कुणी हलवत बसलंय, असा तो आवाज होता. गाडी सिग्नलला उभी राहिली की सुरू, निघाली की गायब. या आवाजापायी मी 2,850 डॉलर मोजले आणि खरं दुखणं निघालं 90 डॉलरच्या एका तुकड्यात. डेट्रॉइटच्या आसपास आपली निम्मी मंडळी गाड्यांच्याच धंद्यात आहेत. त्यातल्या हौशी लोकांनी तरी माझ्यासारखे हात पोळून घेऊ नयेत, म्हणून लिहितोय. मी स्वतः सीटच्या फ्रेम डिझाइन करतो, म्हणजे सांगायला ऑटोमोटिव्ह इंजिनियर. बॉनेटखालचं ज्ञान मात्र भोसरीला असताना मित्राची बाइक खोलली होती तेवढंच. दिव्याखाली अंधार तो हाच.

गाडी 2011ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही, जुनी घेतलेली, नव्वद हजार मैल चाललेली. 6.2 लिटरचं व्ही-8 इंजिन, त्याच्या डोक्यावर 1.9 लिटरचा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, त्यालाच ब्लोअर म्हणतात), कंपनीतून निघतानाच 556 हॉर्सपॉवर. एवढं असताना कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कशाला बदलायचा, असं बायकोने विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वुडवर्ड अव्हेन्यूवर दर ऑगस्टात ड्रीम क्रूझ हा हौशी गाड्यांचा मेळा भरतो, 1995 पासून. तिथे उभ्या उभ्या अडखळत धडधडणाऱ्या गाड्या ऐकल्या होत्या आणि मोठ्या कॅमने येणारा तो आवाज मला हवा होता, बस.

मे महिन्यात एका गॅरेजात कॅम बसवून घेतला. आठवड्याभरात खडखड सुरू झाली. परत त्यांच्याकडेच गेलो. मालकाने बॉनेट उघडलं, अर्धा मिनिट कान दिला आणि निकाल सांगितला: ब्लोअरचे बेअरिंग गेले. असाच चालवलास तर आतले फिरते रोटर एकमेकांना घासतील, तुकडे इंजिनात जातील आणि मग इंजिनच नवीन घ्यावं लागेल. फोनवर एक व्हिडिओही दाखवला, ओरखडे पडलेले रोटर, तळाशी धातूचा चुरा. तो कुणाच्या गाडीतला होता हे विचारायचं मला सुचलं नाही. भीती घातली की माणूस प्रश्न विचारत नाही. पुढे बिल नीट बघितलं तर त्यात एकच ओळ होती, 'सुपरचार्जर रिबिल्ड'. कुठला बेअरिंग, कुठलं सील, पार्ट नंबर काय, काही नाही.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. आवाज बंद! मी खूश. काढलेले बेअरिंग मागितले तर म्हणाला, ते एक्स्चेंजमध्ये परत गेले. म्हटलं असेल.

सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला ही गाडी घेऊन गेलो. आरती झाल्यावर पार्किंगमध्ये दोन-चार जण बॉनेटभोवती जमले. त्यात एक काका होते, इंजिनच्या टेस्ट सेलमध्ये तीस वर्षं काढून रिटायर झालेले. त्यांनी इंजिनकडे पाहिलंच नाही. खिडकीतून आत वाकून आरपीएमच्या काट्याकडे बघितलं.

"अरे, ही हजाराला का टेकलीय? थंड आहे का?"

"नाही काका, वीस मैल चालवून आणलीय."

"कॅम घातला तेव्हा किती ठेवला होता आयडल?"

आयडल म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला किती फेरे फिरतं ते. मला आठवत होतं, कारण कॅमच्या बिलावर ट्यूनच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगच्या, रकान्यात लिहिलेलं होतं. 750.

काका नुसतं "हं" म्हणाले आणि प्रसाद खात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचा पत्ता दिला.

त्या मेकॅनिकने जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण हे सगळं मला पहिल्याच दिवशी मागता आलं असतं. त्याने लॅपटॉप जोडला. ट्यूनमध्ये आयडल 950 वर चढवलेला होता. माझ्यासमोर त्याने तो 750 वर आणला आणि गोट्यांचा डबा परत वाजायला लागला. तोच आवाज, तसाच. पुन्हा 950 केला, गप्प. मी तिथेच स्टुलावर बसलो.

मग त्याने इंजिन बंद करून ब्लोअरवरचा बेल्ट उतरवला आणि जेमतेम अर्धा मिनिट इंजिन चालवलं. त्याहून जास्त नाही, बेल्ट नसताना इंजिन तापतं. कॅमची धडधड होती, खडखड नव्हती. म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले पुशरॉड किंवा लिफ्टर वाजत नव्हते. नव्या कॅमला पुशरॉडची लांबी जुळली नाही तर वरून टकटक येते आणि ती बेल्ट काढल्याने थांबत नाही. नंतर ब्लोअरची पुली हाताने पुढे-मागे हलवायला लावली. थोडी मोकळी फिरायची आणि टक्‌कन अडायची. पुढे टक्, मागे टक्. बोटांना स्पष्ट कळत होतं.

पुली आणि रोटर यांच्या मध्ये एक कपलर असतो, त्याला आयसोलेटर म्हणतात. आतल्या स्प्रिंगने झटके पचवायचे हे त्याचं काम. मोठ्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. त्यामुळे कमी वेगात जळका गॅस सिलिंडरमध्येच रेंगाळतो, प्रत्येक ठिणगीचा जोर सारखा पडत नाही आणि इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, अडखळत फिरतो. तो अडखळणं बेल्टमधून पुलीपर्यंत नेतो. आयडलला हवेला वळसा देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा असल्याने रोटरवर भार जवळपास नसतो. मग स्प्रिंग सैल झालेला कपलर दोन्ही टोकांना आपटत बसतो. इंजिनाचा वेग वाढला की फिरणं गुळगुळीत होतं, आवाज जातो. गॅरेजवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं, नाहीतर त्याने नेमका आयडलच कशाला वाढवला असता? बेअरिंगचं लक्षण याच्या बरोबर उलटं असतं. वेगाबरोबर त्याची घरघर वाढत जाते, अशी गायब होत नाही.

आता त्या 'रिबिल्ड'बद्दल. खोलण्याआधी मेकॅनिकने मला टॉर्च दिला आणि ब्लोअरच्या नाकाचा, म्हणजे पुलीकडच्या टोकाचा, सांधा बघ म्हणाला. बोल्टांच्या डोक्यांवर आणि सांध्यावर तेलात मुरलेला मळ एकसंध बसला होता. पाना एकदा जरी लागला असता तर तो फुटला असता. ब्लोअरचं तेल वेगळं असतं, इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. ते त्याने पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं. काळंकुट्ट, वास असा की नाक धरावं. तीन महिन्यांपूर्वी रिबिल्ड झालेल्या ब्लोअरमध्ये हे तेल? पण त्यात बोट फिरवल्यावर धातूची चमक कुठेच दिसली नाही. बेअरिंग ठणठणीत होते. आयसोलेटर बदलला, 90 डॉलर, वर ताजं तेल आणि चार तासांची मजुरी. नवीन घातला तो स्प्रिंगचा नाही, घट्ट जातीचा. थंडीत सकाळी किंचित गुरगुरतो, ते चालतं म्हणाला.

पुढचा भाग कंटाळवाणा आहे, पण उपयोगाचा. मिशिगनात 1974 पासून गाडी दुरुस्तीचा कायदा आहे. 50 डॉलर किंवा जास्तीच्या कामाला आधी लेखी अंदाज द्यावा लागतो. मागितल्यास काढलेले भाग परत द्यावे लागतात आणि ते एक्स्चेंजमध्ये जाणार असतील तर निदान दाखवावे तरी लागतात. तक्रार राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे करायची. मला लेखी अंदाज मिळालाच नव्हता, सगळं तोंडी. दोन्ही बिलं, मळाचे फोटो, तेलाच्या ट्रेचा फोटो आणि आयडल वर-खाली केल्याचा व्हिडिओ, असं सगळं बांधून मालकाला रजिस्टर्ड पत्र पाठवलं आणि तक्रारीची प्रतही सोबत जोडली.

तो फोनवर भडकला. रिबिल्ड केलंच होतं, दुसऱ्याने नंतर घोळ घातला, वगैरे. मळाचा फोटो उघडून बघा म्हटलं तर फोन ठेवला. तीन आठवड्यांनी 1,900 डॉलरचा चेक आला. उरलेले 950 म्हणे तपासणीची मजुरी, म्हणजे त्या अर्ध्या मिनिटाची. चेकच्या खालच्या ओळीवर त्याने हाताने लिहिलं होतं, 'सद्भावनेपोटी'.